लहानपणी झाकलेलं एडीएचडी मोठेपणी उघडं का पडतं?

एडीएचडी म्हणजे लक्ष हवं तिथं टिकवता न येणं आणि चंचलपणा-उतावळेपणा आवरता न येणं. त्याबद्दल चोपडा तालुक्यातल्या ३२ वर्षांच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "दहावीला ८९ टक्के होते. पुण्याला इंजिनीअरिंगला गेलो आणि नऊ केटी लागल्या. चार वर्षांची डिग्री सहा वर्षांत कशीबशी झाली. आता गावात कृषी सेवा केंद्र आणि घरची सहा एकर केळी बघतो. उधारी लिहायची राहते, जीएसटीचं रिटर्न दर वेळी लेट फी भरून जातं. मागच्या महिन्यात मुलाच्या शाळेतून बोलावणं आलं. मुलगा सात वर्षांचा. बाई म्हणाल्या, एडीएचडी असू शकतं, दाखवून घ्या. त्या रात्री मोबाईलवर लक्षणं वाचत बसलो तर ती सगळी माझीच निघाली. हे खरंच काही असतं, की आळसाला दिलेलं नवं नाव? असेल तर दहावीपर्यंत मी ठीक कसा होतो? आणि गोळ्या सुरू केल्या तर जन्मभर का?"

भाऊ, मधला प्रश्न आधी घेते. तो सुटला की बाकीचे दोन सोपे होतात.

दहावीपर्यंत तुम्हाला टेकू होता. केळीवाल्याला हे समजावून सांगायला नको. घड भरायला लागला की आपण बांबू लावतो नाहीतर पट्टीनं बांधून घेतो. टेकू आहे तोवर बागेतलं कुठलं झाड कमजोर आहे हे कुणालाच कळत नाही, सगळी सरळच दिसतात. मे महिन्यातलं वादळ आलं की कळतं. आता तुमचं दहावीचं वर्ष आठवा. सकाळी कोण उठवायचं? दप्तर कोण भरायचं? वही विसरली की मागून सायकलवर कोण आणून द्यायचं? शाळेला घंटा होती, महिन्याला चाचणी होती, क्लासला दांडी मारली की संध्याकाळपर्यंत सरांचा घरी फोन यायचा. तुमचं वेळेचं भान तुमच्या डोक्यात नव्हतंच, ते आईच्या डोक्यात होतं. डोकं चांगलं, परीक्षेच्या आदल्या रात्री भीतीनं लक्ष आपोआप लागायचं, तेवढ्यावर ८९ टक्के निघाले. मग पुणे. कॉट बेसिसची खोली, उठवायला कुणी नाही, सबमिशनची तारीख दोन महिन्यांनी. टेकू निघाला आणि घड तर आधीपेक्षा जड.

माझ्या दवाखान्यात मोठ्या वयात पहिल्यांदा येणाऱ्यांची दोन वयं जवळजवळ ठरलेली आहेत. एक अठरा-एकोणीस, घर सुटल्यावरचं. दुसरं तिशीच्या पुढेमागे: लग्न, धंदा, आणि तुमच्यासारखं मुलाच्या शाळेतून आलेलं बोलावणं. या दुसऱ्या गटातले निम्मे तरी मुलाला घेऊन येतात आणि माझे प्रश्न ऐकता ऐकता गप्प होतात. नवल नाही. हा त्रास रक्तात उतरतो. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघालेला आहे, म्हणजे जवळपास उंचीइतका. त्यामुळे ‘संस्कार कमी पडले’ हे वाक्य घरात कुणी बोललं तर ते तिथंच थांबवा. तुमच्या पत्नीला तर हे आधी सांगा, कारण असं बोलणं बहुतेक वेळा तिलाच ऐकावं लागतं.

आता, आळसाला नवं नाव का? नाव नवं आहे, माणसं जुनीच आहेत. १९०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं होतं: बुद्धी व्यवस्थित, पण लक्ष टिकत नाही आणि स्वतःला आवरता येत नाही. आपल्याकडे तर शब्द केव्हाचे आहेत. वेंधळा, वाऱ्यावरचा, अर्धवट कामाचा. आळशी माणसात आणि एडीएचडीवाल्यात मी एक फरक बघते. आळशाला काम टाळून बरं वाटतं. हा मात्र काम न करता दिवसभर त्याच कामाच्या ओझ्याखाली बसून राहतो, रात्री स्वतःला शिव्या घालतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आळस इतका दमवत नाही.

मोबाईलवर वाचून सगळी लक्षणं स्वतःचीच वाटणं मात्र फार सोपं आहे. चावी कोण विसरत नाही? म्हणून निदानाची चौकट कडक ठेवलेली आहे. लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलपणा-उतावळेपणाची नऊ अशी अठरा लक्षणं. दोन्हींपैकी किमान एका गटातली सहा तरी हवीत, वय १७ किंवा त्याहून जास्त असेल तर पाच पुरतात. त्यातली काही १२ वर्षांच्या आधी दिसलेली हवीत (२०१३ पर्यंत ही अट ७ वर्षांची होती, तेव्हा कितीतरी जण तिथंच गळायचे). घर आणि शाळा, किंवा घर आणि दुकान, अशा किमान दोन ठिकाणी त्रास हवा. आणि त्यानं खरंच नुकसान होत असलं पाहिजे. नुसती आठवणीची गंमत नको.

यातली बारा वर्षांची अट मी कशी तपासते ते सांगते. पहिल्या भेटीला मी प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं आणायला लावते. तुमच्याच वयाच्या एकाची आई त्याच्याबरोबर आली होती. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन पेशंट एकत्र कालवून सांगते आहे.) पिशवीतून तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं चौथीचं प्रगतिपुस्तक काढलं, कडेला हळदीचा डाग. गुणांच्या रकान्यात सगळीकडे बरं चाललेलं. खाली शेऱ्याच्या जागी पहिल्या सत्रात लाल शाईनं, ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ दुसऱ्या सत्रात, ‘हुशार आहे, पण फार बोलतो. अक्षर सुधारावे.’ मी ते मोठ्यानं वाचलं तर माउली म्हणाली, "मी बी तेच सांगी राहिनू ना ताई. त्यानं डोकं चांगलं शे, पन ध्यान नही ऱ्हास. आंगमा वारं भरेल शे." बत्तीस वर्षांचा मुलगा शेजारी बसून पाय हलवत होता. खुर्ची किरकिरत होती. आई बोलता बोलता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची, तेवढ्यापुरता पाय थांबायचा. ती इतक्या सवयीनं हात ठेवत होती की तिला स्वतःलाही ते कळत नसावं. ‘हुशार आहे, पण’ हे शब्द मी गेल्या बावीस वर्षांत इतक्या प्रगतिपुस्तकांवर वाचले आहेत की ते दिसले की मी पेन उचलते.

मग दुसरा नेहमीचा आक्षेप. मोबाईलवर तर तीन तास हलत नाही, क्रिकेटचा अख्खा डाव बघतो, मग कुठला आलाय आजार? तुमच्या मुलाबद्दल घरात हेच बोलतात की नाही सांगा. लक्ष कमी पडतं असं नावावरून वाटतं, पण तसं ते नसतंच. ते हवं तिथं नेता येत नाही, आणि चिकटलं तर सोडवता येत नाही. बैल दमदार आहेत पण कासरा हातात नाही, अशातला प्रकार. जे नवं आहे, चटकन फळ देतं किंवा अंगावर आलेलं आहे, तिकडे लक्ष स्वतःहून धावतं. उधारीची वही यातलं काहीच नाही. मोबाईलमुळे एडीएचडी होत नाही, पण ज्याला ते आहे त्याला मोबाईल सोडणं इतरांपेक्षा जड जातं, एवढं खरं.

लहान मुलांच्या मेंदूबद्दल २००७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. मेंदूच्या बाहेरच्या थराची वाढ ज्या टप्प्याला इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी पोचते, तिथं एडीएचडी असलेली मुलं साधारण साडेदहाव्या वर्षी पोचली. वाढ त्याच क्रमानं, फक्त उशिरा. मी आईवडिलांना हिशेब सोपा करून देते. आवरासावर, वेळ पाळणं, राग गिळणं या बाबतींत मुलाच्या वयातून दोन-तीन वर्षं वजा करा आणि तेवढीच अपेक्षा ठेवा. गणितात नाही, गणितात तो वर्गाच्या पुढे असेल.

इथे माझी एक चूक सांगायलाच हवी. रावेरकडची एक मुलगी माझ्याकडे दोन वर्षं नैराश्याचे उपचार घेत होती. बी.एस्सी. अर्धवट, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गोळ्यांनी रडू थांबलं, झोप सुधारली, पण काही केल्या हातात घेतलेलं काम तडीला जाईना. मी मात्रा वाढवत राहिले. एक दिवस आमच्या कंपाउंडरनं सांगितलं, "मॅडम, ही पोरगी दर वेळी नंबर चुकवते. तीनदा हाक मारली तरी उठत नाही. जागी असते, मोबाईल पण बघत नसते, समोरच्या भिंतीकडे बघत बसते." तोवर मी तिला लहानपणाबद्दल एक प्रश्न विचारलेला नव्हता. वर्गात धिंगाणा घालणारा मुलगा तिसरीत माझ्यापर्यंत पोचतो. खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी कुणालाच त्रास देत नाही म्हणून पोचत नाही, आणि पोचते तेव्हा नैराश्याची चिठ्ठी घेऊन. तिचं नैराश्य खरंच होतं, पण ते वर्षानुवर्षं ‘मला कसं काहीच जमत नाही’ म्हणण्यातून आलेलं होतं. तुमच्या घरात बहीण, भाची असेल तर तिच्याकडेही एकदा नीट बघा.

उलटंही होतं. थायरॉईड, रक्त कमी असणं, घोरण्यामुळे मोडणारी झोप, दारू, नैराश्य यांनी मोठ्या माणसाचं लक्ष हुबेहूब असंच उडतं. लहान मुलांत आधी कान आणि डोळे तपासायचे. काही सेकंद टक लावून गोठल्यासारखी बसणारी मुलं असतात, त्यात फिटचा एक प्रकार निघतो. म्हणून मी पहिल्याच भेटीत गोळी लिहीत नाही, आणि कुणी लिहिली तर एकदा थांबून विचारा.

कॉलेजबद्दल तुमच्यासाठी आता उशीर झालाय, पण हे वाचणारी पोरं असतील. एकटी खोली घेऊ नका. अभ्यासिकेत बसा, मग ती शंभर मुलांची आणि पंख्याच्या आवाजाची का असेना. समोर कुणीतरी वाचतंय एवढ्यानंच आपलं डोकं जागेवर राहतं, हे पेशंट मला स्वतःहून सांगतात. प्रोजेक्टची तारीख दोन महिन्यांनी असेल तर गाइडकडून दर शुक्रवारची छोटी तारीख मागून घ्या. दूरची तारीख या मेंदूला दिसतच नाही. आज आणि आज नाही, असे दोनच दिवस असतात.

आणि एमपीएससी. जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही जा, घरटी एक तरी तयारी करतोय. एडीएचडीसाठी यापेक्षा वाईट काम शोधून सापडणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. अभ्यासक्रमाला तळ नाही, परीक्षेची तारीख पुढे जाते, विचारणारं कुणी नाही आणि वर्षाच्या शेवटी एकच निकाल. अशा पोरानं पाच-पाच वर्षं घालवून शेवटी माझ्याकडे यायचं, तेव्हा दुखणं एडीएचडीचं कमी आणि घालवलेल्या वर्षांचं जास्त असतं. करायचंच असेल तर हातात रोजची नोकरी ठेवून करा. कामाची वेळ हाच टेकू होतो.

परीक्षेतल्या सवलतींबद्दल लोक हमखास विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडी वेगळं नाही. अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली ठरावीक अडचण. बऱ्याच मुलांना दोन्ही असतात, म्हणून मुलाची ती चाचणीही करून घ्या. जास्तीचा वेळ वगैरे त्या दाखल्यावर मिळतो.

आता गोळ्या. मुख्य औषध मिथाइलफेनिडेट. तेही नवं नाही. १९४४ मध्ये लेआंद्रो पानिझॉन या रसायनतज्ज्ञानं ते तयार केलं, आणि टेनिसच्या आधी ते घेणाऱ्या आपल्या बायकोच्या रीटा या नावावरून त्याचं रिटालिन हे बाजारातलं नाव ठेवलं गेलं. साधी गोळी तीन-चार तास काम करते, लांब पल्ल्याची आठ-दहा तास. भूक मारते, झोप उडवू शकते, नाडी आणि बीपी थोडं वाढवते. म्हणून आधी बीपी, नाडी, वजन आणि घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास होता का, हे सगळं विचारून मगच सुरू करायची. आमच्या पोरांना मी सांगते, आधी भाकरी, मग गोळी, कारण दुपारी जेवण जाणार नाही. हे औषध अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येतं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि गावातल्या प्रत्येक मेडिकलवरही मिळत नाही. जळगावच्या फेरीतच महिन्याचं घेऊन जावं लागतं. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅटोमॉक्सेटीन आहे. त्याचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात आणि लोक दुसऱ्या आठवड्यातच ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतात.

जन्मभर का, याचं उत्तर गोळीच देते. मिथाइलफेनिडेट घेतलं त्या दिवशी काम करतं, नाही घेतलं त्या दिवशी नाही. वर्षातून एकदा मी मुद्दाम थांबवून बघते. काहींना पुढे लागत नाही, काहींना लागते. डॉक्टरच्या देखरेखीत, ठरल्या मात्रेत घेतलेल्या गोळीनं पुढे व्यसनाचा धोका वाढतो असं अभ्यासांत आढळलेलं नाही. तंबाखूचं मात्र बघा. या लोकांत तंबाखूचं प्रमाण जास्त असतं, कारण निकोटीननं घडीभर डोकं ताळ्यावर आल्यासारखं वाटतं. तुम्ही लिहिलं नाही, पण खिशात पुडी असेल तर पहिल्या भेटीत तीही सांगा. आणि गाडी. उतावळेपणानं होणारे अपघात हा या दुखण्यातला सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग आहे. धुळे-जळगाव हायवेवर मोटारसायकलवरून फोन घेण्याची सवय असेल तर ती गोळीच्याही आधी सोडायची.

गोळीनं लक्ष येतं, सवय येत नाही. ती बसवावी लागते. ‘लक्षात ठेवीन’ हा शब्द तुम्ही आजपासून सोडा. एका पेशंटनं शोधलेली युक्ती सांगते. रात्री एकला लाईट यायची, तो ठिबकला खत सोडून झोपायला घरी यायचा, सकाळी आठवायचं की व्हॉल्व्ह तसाच राहिला. एका लाइनीला खत जास्त, दुसरी कोरडी. आता तो व्हॉल्व्ह उघडला की मोटारसायकलची चावी त्याच व्हॉल्व्हला अडकवतो. घरी जायचं तर चावी हवी, चावी घ्यायची तर व्हॉल्व्हपाशी जावंच लागतं. असं आठवणीचं काम वस्तूंवर टाका. उधारीची वही गल्ल्याच्या झाकणावर बांधा, वही उचलल्याशिवाय गल्ला उघडता कामा नये. जीएसटी स्वतः करूच नका. कर सल्लागाराची महिन्याची फी तुमच्या लेट फीपेक्षा कमी निघेल, हिशेब करून बघा.

एक काम मात्र वस्तूंवर टाकता येत नाही. घर सुटलं तेव्हा आईचा टेकू गेला, आणि लग्नानंतर तो तुम्ही पत्नीच्या हातात दिला. तिला कुणी विचारलं नाही. दिवसातून दहा वेळा आठवण करून देणारी बाई काही दिवसांनी कटकटी ठरते, आणि मग तिच्याच तक्रारी माझ्याकडे येतात. आठवड्यातून एक तास, रविवारी सकाळी म्हणा, दोघांनी बसून आठवड्याची कामं एका कागदावर लिहा आणि तो भिंतीवर लावा. बाकी सहा दिवस तिनं काही आठवण करून द्यायची नाही. विसरलं तर विसरलं, भोगा. पहिले दोन महिने जड जातात.

मुलाबद्दल थोडक्यात, कारण त्याला बघितल्याशिवाय मी जास्त बोलणार नाही. बाईंना सांगा, त्याला पुढच्या बाकावर बसवा आणि दर वीस मिनिटांनी खडू आणायला, वह्या वाटायला उठवा. अभ्यास दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत. शाबासकी लगेच, त्याच क्षणी. ‘वार्षिक परीक्षेनंतर सायकल’ त्याला ऐकू येत नाही. मारू नका, त्यानं काही शिकत नाही, फक्त खोटं बोलायला शिकतो. आजी दृष्ट काढत असेल तर काढू द्या, मिरची-मीठ वाया जाईल एवढंच. फक्त त्यासाठी दवाखान्याची तारीख चुकवू नका.

माझ्याकडेच यायला हवं असं नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिथं जाल तिथं दोघांनी जा, तुम्ही आणि मुलगा, वेगवेगळ्या केस पेपरवर. आईला बरोबर न्या. प्रगतिपुस्तकं तिनं कुठं ठेवलीत ते तुम्हाला माहीत नसेल, तिला असेल. आणि तारीख घेतली की ती कॅलेंडरवर लिहून थांबू नका, केस पेपर मोटारसायकलच्या डिक्कीत आत्ताच टाकून ठेवा.